केईएम की टाटा

परळला केईएम आणि टाटा मेमोरियल यांच्यामध्ये एक रस्ता आहे. पेशंट, नातेवाईक, हातात फाइल आणि रुमालात गुंडाळलेले मेणाचे ब्लॉक घेतलेली माणसं तो दिवसभर ओलांडत असतात. 2018 साली नीट-पीजीचा निकाल लागला आणि एमडी पॅथॉलॉजीसाठी या दोनपैकी कुठलंही एक मिळू शकेल असा क्रमांक माझ्या हाती आला. म्हणजे मला हा रस्ता ओलांडायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. त्यावर घरात, मिरजेच्या हॉस्टेलवर आणि कोयना एक्स्प्रेसमध्ये जेवढा काथ्याकूट झाला, तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नाही.

मुळात पॅथॉलॉजी स्वतःहून मागून घेतली, हेच कुणाला पटत नव्हतं. रेडिओलॉजी, मेडिसिन, स्किन यांच्या जागा संपल्या की लोक आमच्या शाखेकडे वळतात, असा एक समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. आत्याने विचारलं, “म्हणजे एवढं शिकून रक्तच तपासायचं का गं?” बाबा शिक्षक. ते काही बोलले नाहीत, पण पेपरातलं एक कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. लॅबच्या रिपोर्टवर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय डिसेंबर 2017 मध्ये आला होता. आत्याला त्यांनी ते कात्रण दाखवलं. आत्या म्हणाली, “बरं, निदान सही तरी हिचीच लागेल.”

मला ही शाखा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासून आवडत होती. कारण सांगायचं तर आमचे मिरजेचे सर. स्लाइड मायक्रोस्कोपवर ठेवली की ते आधी म्हणायचे, “काय दिसतंय ते सांग. काय आहे ते नंतर.” निकालानंतर त्यांनाच विचारायला गेले. त्यांनी केईएम की टाटा याचं उत्तर दिलंच नाही. म्हणाले, नाव दोन्हीकडे मोठं आहे, तेव्हा नावाचा विषय सोड. दोन्हीकडे जा, जेआर-थ्रीला, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला, गाठ. जेआर-वनला विचारू नकोस, त्याला झोपेपलीकडे काही दिसत नसतं. आणि एकच विचार : सरांनी स्लाइड बघायच्या आधी तू तुझं निदान कागदावर लिहितोस का? लिहीत असेल तर शिकतोय. नसेल तर नुसता हमाल आहे.

आजही कुणी मला रेसिडेन्सीबद्दल विचारलं की मी हा प्रश्न जसाच्या तसा पुढे सरकवते. हॉस्टेल कसं, स्टायपेंड किती, पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची की होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची, याची चौकशी करावी, पण त्यावर निवड करू नये. ते सगळं तीन वर्षांत संपतं.

आधी टाटात गेले. ओळखीच्या सिनियरने ग्रॉसिंग रूममध्ये नेलं. ग्रॉसिंग म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव मोजून, कापून, त्यातले नेमके तुकडे मायक्रोस्कोपसाठी निवडणं. टेबलावर एका माणसाचा अर्धा खालचा जबडा होता, गालाच्या कातडीसकट. खाली मानेतल्या गाठींचा पट्टा. तंबाखूचा कॅन्सर. दाढा जागच्या जागी होत्या आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा तपकिरी थर चढलेला होता. रेसिडेंटने कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावली, म्हणजे नंतर मायक्रोस्कोपखाली कुठली कड कुठली ते कळावं. मग गाठ उभी चिरली आणि पट्टी लावून ती किती खोल गेली आहे ते मोजलं. ती खोली त्या वर्षी एकदम महत्त्वाची झाली होती. कॅन्सरच्या टप्प्यांची आठवी आवृत्ती 1 जानेवारी 2018 पासून लागू झाली आणि तिच्यात तोंडाच्या कॅन्सरसाठी नुसती गाठीची रुंदी पुरेशी राहिली नाही. 5 आणि 10 मिलिमीटर खोलीच्या रेषा आल्या. पट्टी एका मिलिमीटरने इकडची तिकडे झाली की पेशंटचा टप्पा बदलतो, त्यावरून पुढचे उपचार ठरतात.

शिवाय त्या मानेच्या पट्ट्याचा इतिहासही त्याच इमारतीतला. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, मानेत गाठी हाताला लागत नाहीत, तर मान आधीच साफ करायची की गाठ आल्यावर, हा सर्जन लोकांचा जुना वाद. टाटातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर मोठी चाचणी केली आणि ती 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. जगभरची पुस्तकं त्यामुळे बदलली. हे मी वाचलेलं होतं. पण ज्या टेबलावर असल्या गाठी एकेक करून मोजल्या जातात, त्या टेबलाशी उभं राहिल्यावर अंगावर काटा आला हे खरं.

दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जाताना जिन्यात सिनियर म्हणाली, “इथे एकदा बसलीस की लिम्फोमा तुझ्या हातून सुटणार नाही.” तेही खरंच. आसाम, बिहार, बंगालपासूनच्या स्लाइड तिथे दुसऱ्या मतासाठी येतात. स्तनाचा, हाडांचा, रक्ताचा, डोक्या-मानेचा, प्रत्येक अवयवाची माणसं वेगळी. त्यांनी आयुष्यभर तेवढंच पाहिलेलं. त्या दिवशी मला कुणी फॉर्म पुढे केला असता तर मी सही करून मोकळी झाले असते.

केईएमला दुसऱ्या दिवशी गेले. तिथे मला जे दाखवलं गेलं त्यात कॅन्सर फारसा नव्हताच. शवचिकित्सेच्या टेबलाजवळ एक रेसिडेंट हृदय उघडत होती. पोलीस केसची शवचिकित्सा फॉरेन्सिकवाले करतात, ही वेगळी. वॉर्डात आजाराने गेलेल्या पेशंटच्या नातेवाइकांची संमती घेऊन, नेमकं काय झालं हे समजण्यासाठी केलेली. रक्त ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने कात्री न्यायची, अशी हृदय उघडण्याची रीत आहे. उजवा कप्पा, झडप, फुप्फुसाची रोहिणी, मग डावी बाजू. डाव्या कप्प्यातून तिने मला खाली झडपेकडे बघायला सांगितलं. झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून मधे शर्टाच्या काजाएवढी फट उरलेली. बाई तिशीच्या आतली. लहानपणी घसा दुखून ताप आला असेल, सांधे सुजले असतील, कुणी लक्ष दिलं नसेल. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप जाते हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. बोट त्या फटीत जात नाही, हे पहिल्यांदा कळलं. बाजूला उभे असलेले मामा, त्यांची सगळी नोकरी याच खोलीत गेलेली, रेसिडेंटला म्हणाले, “मॅडम, फुप्फुसं पण बघा, जड लागतायत.” वजन केलं, खरोखरच जड होती.

तिथल्या जेआर-थ्रीला मी सरांचा प्रश्न विचारला. तो हसला आणि ड्रॉवरमधून वही काढून दाखवली. डाव्या पानावर त्याचं निदान, उजव्या पानावर शेवटी बाहेर पडलेलं निदान. सुरुवातीच्या पानांवर लाल शाई फार होती.

टाटातल्या जेआर-थ्री मुलीनेही असंच काहीसं दाखवलं होतं, तेव्हा सरांच्या कसोटीवर दोघंही उतरले आणि मी पुन्हा होते तिथेच आले.

याच सुमारास मला डॉ. वसंत रामजी खानोलकर नीट भेटले, म्हणजे वाचनात. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव आम्ही घोकलेलं असतं, त्यापलीकडे काही नाही. त्यांनी 1923 मध्ये लंडनहून पॅथॉलॉजीत एमडी केलं, मुंबईत ग्रँट मेडिकलमध्ये आणि मग शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएमच्याच कॉलेजात, प्राध्यापकी केली. केईएम 1926 चं, सगळे डॉक्टर भारतीयच असावेत अशा अटीवर उभं राहिलेलं. 1941 मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. म्हणजे मला छळणारा रस्ता त्यांनी ओलांडला होता, पण आधी केईएमच्या बाजूला पुष्कळ वर्षं घालवून. आणि टाटात जाऊन त्यांनी काय केलं? 1945 मध्ये त्यांनी सहकारी सूर्याबाईंबरोबर एक निबंध लिहिला : माणसांच्या सवयींमुळे होणारे तीन कॅन्सर. धोतर वर्षानुवर्षं कमरेला करकचून बांधल्याने त्या पट्ट्यात होणारा कातडीचा, चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, आणि खैनीची गोळी ओठाखाली दाबणाऱ्यांचा. मायक्रोस्कोपखाली हे तिन्ही साधारण सारखेच दिसतात. वेगळेपण धोतरात आहे, चुट्ट्यात आहे. गाठीच्या आजूबाजूचा माणूस बघायची सवय त्यांना जनरल हॉस्पिटलात लागली असावी, असा माझा तर्क. पुरावा माझ्याकडे नाही, पण त्या वेळी माझ्यापुरता तो पुरेसा होता.

मी केईएम निवडलं. माझ्यासोबत अभ्यास केलेली नागपूरची मैत्रीण टाटात गेली. तिचं म्हणणं सोपं होतं : या देशात कॅन्सरचे रिपोर्ट नीट देणारी माणसं कमी आहेत, तर जिथे ते सगळ्यात नीट दिले जातात तिथे शिकावं. माझं म्हणणं मला तेव्हा एवढं सोपं करून सांगता येत नव्हतं. मला शेवटी गावाकडे परतायचं होतं, एकटीने बसायचं होतं. आणि एकटीने बसणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक स्लाइडमध्ये कॅन्सर नसतो. अपेंडिक्स असतं, पित्ताशय असतं, गर्भाशय असतं, क्षयाची गाठ असते. ‘कॅन्सर आहे’ म्हणायला जेवढा अभ्यास लागतो, त्यापेक्षा ‘कॅन्सर नाही’ म्हणायला जास्त छाती लागते, कारण तसं लिहिलं की पेशंट घरी जातो.

जेआर-वनचं वर्ष मला तुकड्यांनीच आठवतं. रात्रीची इमर्जन्सी लॅब, लिशमनचा जांभळा डाग पडलेली बोटं, मावशींनी आणलेला चहा, आणि एका थेंबात फाल्सिपॅरमच्या चंद्रकोरी दिसल्या की वॉर्डला धावत केलेला फोन. मुंबईच्या पावसाळ्यात पॅथॉलॉजिस्ट वेगळाच शहाणा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ताप आणि कावीळ होऊन दोन-चार दिवसांत गेलेला तरुण माणूस टेबलावर आला, डोळे पिवळे, फुप्फुसं कापताच रक्ताने थबथबलेली, मूत्रपिंडं फुगलेली, की सगळ्यांच्या मनात आधी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, येतो. गुडघाभर पाण्यातून चालून गेलेला कुणीतरी. मेंदू राखाडी-निळसर असेल आणि पांढऱ्या भागात रक्ताचे बारीक ठिपके असतील तर मलेरिया. केशवाहिन्यांत अडकलेल्या तांबड्या पेशींत काळपट कण दिसतात. दोन्ही एकदमही असू शकतं. एका सरांची शिस्त होती : वॉर्डातल्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते आधी वाचायचं नाही. अवयव बघा, लिहा, मग केसपेपर उघडा. तो उघडताना पोटात जो गोळा यायचा, तो मला एमडीच्या परीक्षेतही आला नाही.

2020 मध्ये हे सगळं थांबलं. शाखा कुठलीही असो, रेसिडेंट कोविडच्या ड्यूटीवर गेले. कोविडने गेलेल्यांची शरीर उघडून केलेली शवचिकित्सा शक्यतो टाळा, असं आयसीएमआरने सांगितलं होतं. ज्या वर्षी मृत्यूंमागचं कारण समजून घेण्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच वर्षी आम्ही पीपीई घालून ऑक्सिजनचे आकडे लिहीत होतो. पलीकडे मैत्रिणीचीही गत फार निराळी नव्हती. कॅन्सर थांबत नाही, पेशंट मात्र लॉकडाऊनमध्ये अडकले होते. आमच्या परीक्षा लांबल्या. त्या काळात आम्ही दोघी रोज रात्री फोनवर एकमेकींना स्लाइडचे फोटो दाखवायचो, अभ्यास म्हणून कमी आणि धीर म्हणून जास्त.

तेव्हा दोघींमधला फरक दिसायला लागला. लिम्फोमाचा फोटो टाकला की ती दहा सेकंदांत म्हणायची, हे डिफ्यूज लार्ज बी-सेल वाटतंय, अमुक चार मार्कर लाव. आठव्या दिवशी रिपोर्टमध्ये तेच यायचं. मी त्याच गाठीकडे बघून अर्धा तास क्षयाचा विचार करत बसलेली असायचे. उलट एकदा तिने यकृताच्या बायॉप्सीचा फोटो पाठवला. कॅन्सरच्या पेशंटची, पण सुईत गाठ आलीच नव्हती, नुसतं आजूबाजूचं यकृत आलं होतं. “यात काय बघायचं असतं गं?” तिने विचारलं. मी तिला दहा गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, “बापरे, हे सगळं नॉर्मलच्या आसपास राहतं?”

आज मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब चालवते. एकदा एक बाई आल्या, तिशीच्या आतबाहेर, धाकटं मूल तीन वर्षांचं. छातीत दगडासारखी गाठ, वरची कातडी ओढलेली, काखेतही गाठ. सर्जनच्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह आणि कॅन्सर. नवऱ्याने माझ्याकडे सुईची बायॉप्सी दिली आणि त्याच दिवशी मुंबईच्या तिकिटांची चौकशी केली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का, असं गावातल्या कुणाला तरी विचारूनही झालं होतं. आमच्याकडे गाठ म्हटलं की ‘टाटाला न्या’ हे वाक्य आधी येतं. स्लाइडवर दुधाच्या ग्रंथींना धरून बसलेले पेशींचे पुंजके, मोठ्या अनेककेंद्री पेशी, मधे पू. मी टेक्निशियनला आणखी खोल लेव्हल कापायला लावल्या, क्षयाचा डाग लावला, जीनएक्स्पर्टला पाठवलं. कॅन्सरची एकही पेशी नाही, क्षयही नाही. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. औषधाने बरा होणारा आजार. रिपोर्टवर सही केली आणि सर्जनना स्वतः फोन केला, कारण असा रिपोर्ट नुसता कागदावर पाठवला तर विश्वास बसत नाही. “नक्की ना मॅडम?” त्यांनी विचारलं. नक्की होतं. गाठ विरघळायला पुष्कळ महिने लागले आणि तोवर तो नवरा दर भेटीत माझ्या लॅबच्या पायरीवर थांबून जायचा.

याचा अर्थ टाटात शिकलेल्याला हे जमलं नसतं असा नाही. जमलंच असतं. पण मला ते निदान एका बैठकीत करता आलं, कारण असले पुंजके मी शेकड्यांनी पाहिले होते आणि दर वेळी ते वेगळ्या कारणाने आले होते.

आणि जे मला येत नाही ते येत नाही. शाळेतल्या एका मुलाच्या मांडीच्या गाठीची बायॉप्सी आली. बारीक, गोल, निळ्या पेशींचा नुसता गर्दा. असं चित्र दिसणारे गाठींचे किमान अर्धा डझन प्रकार आहेत आणि ते वेगळे करायला मार्करचे संच लागतात, जनुकाची तपासणी लागते. मी तो ब्लॉक मैत्रिणीच्या सांगण्यावरून परळला पाठवला. यूइंग सार्कोमा निघाला. ती आता एका मोठ्या शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलात हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या गाठींचंच काम करते. मला फोनवर म्हणाली, “पाठवलास ते बरं केलंस. पण अगं, फोटो काढताना फोकस तरी नीट करत जा.”

आमचा जुना वाद मिटलेला नाही. ती म्हणते, तुझ्यासारखी माणसं तालुक्याला हवीतच, पण सगळ्यांनी तुझा हिशेब लावला तर त्या मुलाची गाठ ओळखणार कोण? मी म्हणते, पायाभरणी जनरल हॉस्पिटलात करा, मग टाटात फेलोशिपला जा, खानोलकरांच्या वाटेने. ती म्हणते, खानोलकरांच्या काळी मार्करचा एक डागही नव्हता, आता तीन वर्षं फक्त लिम्फोमाला पुरत नाहीत. तिच्या या उत्तराला माझ्याकडे चांगलं प्रत्युत्तर नाही, म्हणून मी विषय बदलते.

गेल्या वर्षी इथल्या ग्रामीण रुग्णालयात बाँडवर आलेली एक तरुण मेडिकल ऑफिसर संध्याकाळी माझ्याकडे येऊन दुहेरी मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या डोळ्यावर बसायची. तिला पॅथॉलॉजीच करायची होती. तिला मी माझं सगळं म्हणणं ऐकवलं, सरांचा प्रश्न दिला, दोन्हीकडे जाऊन ये म्हटलं. ती जाऊन आली आणि चॉइस भरताना टाटा वर टाकलं, केईएम खाली. का, विचारलं तर म्हणाली, “मॅडम, कॅन्सर नसलेलं तुमच्याकडे रोज संध्याकाळी पाहिलंच की.”